निवास व भोजन या शीर्षाखाली

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात अपुऱ्या उपस्थितीची यादी लागते. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली असलेल्यांना सत्रपरीक्षेला बसता येत नाही. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला मापन प्रयोगशाळा शिकवत असल्याने त्या विषयाची यादी मी करते. त्या वर्षी तीत बारा नावे होती. सातवे नाव नंदिनी अंकुश वालदे. चोवीस प्रयोगांपैकी तेराला हजर, म्हणजे ५४.२ टक्के.

सही करण्यापूर्वी प्रत्येक नावाची मूळ नोंद पुन्हा पाहायची, ही माझी संशोधनाच्या दिवसांपासूनची सवय आहे. प्रयोगशाळा सकाळी आठला सुरू होते. आठ वाजून दहा मिनिटांनंतर येणाऱ्याला मी आत घेते, प्रयोगही करू देते, परंतु त्याला हजेरी देत नाही. तो किती वाजता आला हे मात्र मिनिटासह लिहून ठेवते. हा नियम विद्यापीठाचा नव्हता, माझा होता. कार्यालयातल्या सिंधूताई त्यावरून मला नेहमी चिडवत. "मॅडमची घडी साधी नोहे बाप्पा," त्या शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सूर्य उशिरा आला तर त्याचीबी गैरहजेरी लागते."

इतर अकरा जणांच्या वेळा विखुरलेल्या होत्या. गौरांग नावाच्या मुलाच्या ८:१३, ८:५२, ८:१९, ९:०५ अशा होत्या. झोपेतून उठून येणाऱ्या माणसाच्या वेळा अशाच असतात. नंदिनीच्या नऊ वेळा मी कागदावर एकाखाली एक मांडल्या. ८:२४, ८:२१, ८:२६, ८:२४, ८:२३, ८:२७, ८:२४, ८:२२, ८:२५. सरासरी बरोबर ८:२४ आणि प्रमाण विचलन दोन मिनिटांहूनही कमी. आळसाचे वितरण असे नसते. शिवाय सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती बारापैकी बारा वेळा वेळेवर आली होती.

पहिल्याच तासाला मी दरवर्षी मुलांना त्रुटींचे दोन प्रकार शिकवते. एक प्रकार कधी इकडे, कधी तिकडे भरकटतो आणि सरासरी काढली की विरून जातो. दुसरा नेहमी एकाच बाजूला, जवळजवळ सारख्याच अंतराने येतो, आणि त्याचे कारण मांडणीत शोधावे लागते. सात आठवडे हा दुसरा प्रकार माझ्या स्वतःच्या अक्षरात माझ्यासमोर होता आणि मी त्यापुढे लाल शाईने गैरहजेरी लावत होते.

मी नंदिनीला बोलावले. ती दारातच उभी राहिली.

"मॅडम, मी उशिरा उठत नाही," मी काही विचारण्यापूर्वीच ती म्हणाली. "साडेचारला उठते."

"राहतेस कुठे?"

"भिवापूरला. घरी."

भिवापूर ते नागपूर हे अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे. "आणि रोज येतेस?"

"सप्टेंबरपासून. पावणेसहाची गाडी आहे. ती स्टँडवर पावणेआठला लागते. तिथून सिटी बस. सिटी बस चुकली नाही तर आठ-चोवीस."

"ते मला माहीत आहे," मी म्हणाले. तिला त्याचा अर्थ कळला नसावा. "त्याआधी?"

त्याआधी ती नागपुरातच, नंदनवनमध्ये तिघींच्या खोलीत राहत होती. भाडे सहा हजार, म्हणजे प्रत्येकी दोन. तिसरी मुलगी नोकरी लागून पुण्याला गेली, नवी कोणी मिळाली नाही, आणि वाटा तीन हजार झाला. डबा अठ्ठावीसशे. वडील एसटीत वाहक आहेत. त्यांच्या शेवटच्या वेतनवाढीने कुटुंबाचे उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या जरासे वर गेले होते, म्हणूनच मुळात कर्ज काढावे लागले. भाड्याचे दोन हजार आणि डबा ते कसेबसे भागवत. वरचे हजार निघाले नाहीत.

"पण तुझ्या कर्जात निवास व भोजन असे स्वतंत्र शीर्ष आहे. चारही वर्षांसाठी मंजूर झालेले. कर्ज कक्षाची प्रमुख म्हणून ते मीच लिहिले होते."

"हो मॅडम. आहे."

"मग?"

"ते फक्त होस्टेलच्या बिलावर मिळते. मला होस्टेल पहिल्या वर्षीच होतं."

आमच्या मुलींच्या वसतिगृहात एकशेऐंशी जागा आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलींना त्या प्राधान्याने मिळतात आणि उरलेल्या गुणानुक्रमे जातात. दुसऱ्या वर्षी नंदिनीचा क्रमांक अकरा नावांनी हुकला होता. बँक वसतिगृहाचे पैसे वसतिगृहालाच देते. त्यामुळे दीड वर्षापासून ती रक्कम मंजूर होती, तिच्या नावावर होती, आणि तिला तिचा स्पर्शही झाला नव्हता.

मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती विचारताना माझा आवाज नको तितका कोरडा झाला. "ऑगस्टमध्ये सर्वेक्षण झाले. सरकारी शैक्षणिक कर्ज शिक्षणाच्या खर्चाला पुरते का, असा प्रश्न होता. तू 'पुरेसे' वर खूण केलीस."

"हो मॅडम."

"तेव्हा पुरत होते?"

"नाही."

"मग?"

तिने ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळले. "फॉर्मवर कर्जखात्याचा नंबर लिहायचा होता. अपुरं आहे असं लिहिलं असतं तर बँकवाले म्हणाले असते, पुरत नाही तर शिकून काहून राहिली?"

ते सर्वेक्षण एका शासकीय समितीसाठी होते आणि आमच्या महाविद्यालयाचे ते मी केले होते. कर्ज घेतलेले त्रेचाळीस विद्यार्थी. एक्केचाळीस 'पुरेसे', दोन फॉर्म कोरे. अहवालात मी ९५.३ टक्के असे लिहिले होते, आणि कोरे फॉर्म 'पुरेसे'मध्ये न मोजल्याचे मला समाधानही वाटले होते.

"एक शेवटचे. ऑक्टोबरच्या तीस तारखेला तू आठला पाच कमी असताना आलीस. एकदाच. ते कसे?"

"आदल्या रात्री सिंधूताईंकडे झोपले होते. इथेच नागपुरात, महालात."

सिंधूताई कार्यालयात कर्जाच्या प्रमाणपत्रांचे काम करतात. त्यांना या नोकरीत सव्वीस वर्षे झाली आहेत. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्या डबा उघडत होत्या.

"तुम्हाला हे माहीत होते."

"बसा तर पयले," त्या म्हणाल्या. "भाजी घ्या. भिवापूरचीच मिरची हाय, पोट्टीनं आणून देल्ली. डोळ्यात पाणी आलं तर मले दोष नोको देऊ."

"सिंधूताई."

"माहीत होतं. तुमाले सांगून काय करू मॅडम? तुमी म्हणान, पुरावा दाखवा. आता पोट्टी पावणेसहाच्या गाडीत झोपते, याचा पुरावा मी कुठून आणू?"

त्यानंतर त्यांनी शांतपणे मला एक गोष्ट समजावली, जी मला कळली होती असे मी अडीच वर्षे समजत होते. कर्ज हवे असलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालय अपेक्षित खर्चाचे प्रमाणपत्र देते आणि बँक त्यावरच्या आकड्यांपुरतेच कर्ज मंजूर करते. सिंधूताई पूर्वी त्यात दोन ओळी अधिक टाकत. 'प्रकल्प साहित्य' आणि 'परताव्यायोग्य अनामत'. ही रक्कम बँकेकडून शुल्काबरोबर महाविद्यालयात येई आणि सप्टेंबरात धनादेशाने विद्यार्थ्याला परत जाई. त्यातून खोलीचे भाडे भरले जाई, डबा येई. हे वीस वर्षे चालले होते आणि सगळ्यांना माहीत होते. कर्ज कक्षाचा कार्यभार माझ्याकडे आला तेव्हा मी विचारले की ही अनामत आपण प्रत्यक्षात घेतो का? घेत नव्हतो. मग ती खर्च म्हणून दाखवता येणार नाही, असे म्हणून मी दोन्ही ओळी रद्द केल्या. नंदिनीची तुकडी ही माझ्या अचूक प्रमाणपत्रांची पहिली तुकडी.

"तुमी आल्या, लाल पेन काढला अन् खोडून टाकलं," सिंधूताई म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, पोट्ट्यायनं खाचं काय? तुमी म्हणाल्या, निवास व भोजन हे शीर्ष हाय ना. हाय ना बाई. कागदावर गरम गरम भात हाय."

"ते खोटे होते, सिंधूताई."

"हाव. खोटंच होतं." त्यांनी डब्याचे झाकण लावले. "पण पोट्टे जेवत होते."

मला राग आला. कोणावर, हे त्या वेळी मी तपासले नाही.

माझ्या हातात होते तेवढे मी त्याच दिवशी केले. दहा मिनिटांचा नियम लेखी मागे घेतला, सर्व बारा जणांसाठी, कारण नियम एका व्यक्तीपुरता मागे घेता येत नाही. नंदिनी चोवीसपैकी बावीस झाली. गौरांगही सुटला. तो प्रयोगशाळेत येऊन म्हणाला, "थँक्यू मॅडम, मला वाटलं मी गेलो."

"तू गेलाच होतास," मी म्हणाले. "तुला दुसऱ्या कोणाची तरी बस मिळाली."

त्याला काही कळले नाही. तो हसून गेला.

समितीलाही मी पत्र लिहिले. सर्वेक्षणात नाव आणि खातेक्रमांक विचारल्यामुळे उत्तरे भीतीने दिली गेली असण्याची शक्यता आहे. शिवाय जे शिक्षण सोडून गेले त्यांना आपण काहीच विचारले नाही, जे टिकले त्यांनाच विचारले. सबब ९५.३ हा आकडा मी मागे घेते. तीन आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले. आपले पत्र नोंदवून घेतले आहे, अहवाल यापूर्वीच अंतिम झाला आहे.

आता निवासाच्या रकमेचा प्रश्न उरला. सहाव्या सत्राच्या वेळापत्रकातही पहिला तास आठचाच होता. मी बँकेत फोन केला. कर्ज अधिकारी तरुण होते आणि बोलायला नीट होते. वसतिगृहात जागा नसल्यास खासगी खोलीच्या भाड्याचा विचार करता येतो, असे ते म्हणाले. विद्यार्थिनीने अर्ज द्यावा. ती वसतिगृहात राहत नाही आणि मंजूर रक्कम तिला उपयोगी पडत नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. सोबत भाडेकरार.

मला हे सरळ वाटले. जे खरे आहे ते लिहायचे आणि सही करायची.

कर्जात वडील सहकर्जदार असल्याने मी त्यांनाही बोलावले. अंकुश वालदे ड्यूटी संपवून खाकी गणवेशातच आले. सिंधूताईंना त्यांनी "जयभीम ताई" म्हटले, मला वाकून नमस्कार केला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"मॅडम, हे नोको करू," ते म्हणाले.

"का? यात एकही शब्द खोटा नाही."

"खरंच हाय. पण ऑगस्टात पोरीनं पुरते म्हणून सही करून देल्ली. आता पुरत नाही म्हणून सही. एका माणसाचे दोन कागद झाले." त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि तळहाताने सरळ केला. "मी बावीस वर्षं तिकीट देऊन राहिलो. पयले हातानं फाडत होतो, आता मशीन हाय. तपासणीवाला गाडीत चढला का पयले काय पाह्यते, सांगू? पैसा नाही पाह्यत. खाडाखोड पाह्यते. हिशेब रुपयानं चुकला तर भरून देता येते. लिहिलेलं बदललं का चौकशी. चौकशी लागली का गाडी बंद, घरी बसा, मंग तुमी खरे असान का खोटे."

"बँक म्हणजे एसटी नाही, वालदेजी."

"हाव," ते म्हणाले. "एसटीत तपासणीवाला मले ओळखते तरी."

नंदिनी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, गाडीत मला वाचता येत नाही. उलटी होते. रोजचे पाच तास जाते."

"मले माहीत नाही काय वं? मीच गाडीत असतो ना." त्यांनी तिच्याकडे न पाहता टोपी हातात फिरवली. "पण गाडी चालू तर हाय."

पुढे काय झाले हे नीट सांगायला हवे, कारण यात माझा वाटा नेमका किती हे मला नंतर अनेकदा मोजावे लागले. नंदिनीने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मॅडम, याने हप्ता थांबणार नाही ना?" मी म्हणाले, "थांबण्याचे काही कारण मला दिसत नाही." वाक्य म्हणून ते अचूक होते. मला कारण दिसत नव्हते. तिने ते 'थांबणार नाही' असे ऐकले, आणि ती तसेच ऐकणार हे मला त्या क्षणी ठाऊक होते. तिने सही केली. वडिलांनी मुलीची सही झाल्यावर आपली केली, हळूहळू, एकेक अक्षर सुटे काढून.

परीक्षा झाली. नंदिनी सर्व विषयांत उत्तीर्ण झाली. जानेवारीत सहाव्या सत्राचे शुल्क भरायची वेळ आली. एरवी आठवड्याभरात जमा होणारा हप्ता आला नाही. शुल्काची शेवटची तारीख सोळा जानेवारी होती. त्यानंतर नोंदणी बंद होते आणि सत्र जाते. सत्र गेले की वर्ष जाते, आणि कर्ज चार वर्षांचेच मंजूर आहे. पाचव्या वर्षाला ते नाही.

बारा तारखेला मी बँकेत गेले. अधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, ती वसतिगृहात राहत नाही, हा आमच्या दृष्टीने परिस्थितीतला बदल आहे. दीड वर्षापूर्वी कळवायला हवा होता. असा बदल नोंदवला की पडताळणी होईपर्यंत प्रणाली पुढचा हप्ता आपोआप थांबवते. मी थांबवलेला नाही."

"फोनवर तुम्ही हे सांगितले नव्हते."

"फोनवर तुम्ही विचारलं नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. मग त्यांनी खणातून एक कागद काढला. तो नंदिनीचा सर्वेक्षणाचा फॉर्म होता. समितीने सर्व फॉर्म खातेक्रमांकानुसार संबंधित शाखांना पाठवले होते. भीतीने दिलेल्या उत्तरांविषयी मी पत्र लिहिले होते, पण ती भीती इतकी तंतोतंत खरी असेल हे मी गृहीत धरले नव्हते. "हा ऑगस्टचा कागद, 'पुरेसे'. हा नोव्हेंबरचा अर्ज, 'अपुरे'. मुलगी एकच. आणि वर तुमच्याच सहीचा अहवाल, पंच्याण्णव पूर्णांक तीन टक्के. मी वरिष्ठांना यातलं काय खरं म्हणून पाठवू?"

"तो अहवाल मी मागे घेतला आहे."

"आमच्याकडे अहवाल आला. मागे घेतलेला नाही आला."

चहा आला. तो आम्ही दोघांनीही घेतला नाही.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "फाइल क्षेत्रीय कार्यालयात गेली तर मार्च होईल. ती जाऊ नये असं वाटत असेल तर महाविद्यालयाकडून हे एक प्रमाणपत्र आणा." त्यांनी एक छापील नमुना पुढे केला. त्यावर विद्यार्थ्याचे नाव होते आणि खाली एकच प्रश्न. महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहतो/राहते काय? होय. नाही. "'होय' आलं की मधला अर्ज गैरसमजातून दिला असं मी लिहितो आणि हप्ता त्याच दिवशी सुटतो. 'नाही' आलं की माझ्या हातात काही राहत नाही."

परतताना मी शुल्काचा विचार केला. एकसष्ट हजार पाचशे. ते मी भरू शकत होते आणि त्याच संध्याकाळी नंदिनीला तसे म्हणालेही. "आणि सातव्या सत्राचे?" तिने विचारले. "आणि आठव्याचे? मॅडम, फाइल वर गेली तर ती परत कधी येते ते बाबा सांगत होते." मग घाईने, मला वाईट वाटू नये म्हणून, "तुमचा काही दोष नाही," असे म्हणाली. ती विद्यार्थिनी चांगली आहे, परंतु हे तिचे निरीक्षण चुकीचे होते.

पंधरा तारखेला दुपारी सिंधूताईंनी तो नमुना माझ्या टेबलावर ठेवला. नाव त्यांनी टंकित करून आणले होते. सही कर्ज कक्षाच्या प्रमुखाची, म्हणजे माझी.

"'होय' टाका अन् मोकळ्या व्हा," त्या म्हणाल्या.

"ती राहत नाही, सिंधूताई."

"मी सही करू शकली असती तर तुमाले विचारतच नव्हती."

"मी आजवर पाहिलेले सोडून दुसरे काही लिहिलेले नाही."

"मंग पाह्याची सोय करा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "नाही राहत ना? मंग राहू द्या तिले. आज. आत्ता. होस्टेलात खाट टाका एक, अन् मंग लिहा तुमचं ते खरं."

त्या चिडून बोलल्या होत्या. मी मात्र उठले.

वसतिगृहाच्या अधीक्षिका यमुताई सत्तरीच्या घरातल्या आहेत. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि नकारार्थी मान हलवली. एकशेऐंशी खाटा, एकशेऐंशी मुली. उरते ती आजारी मुलींची खोली, तळमजल्यावर, दोन खाटांची. ती नियमाने रिकामी ठेवावी लागते.

"तापाची पोर आली तर कुठं झोपवू तिला? साथीचे दिवस आहेत."

"गेल्या जानेवारीत किती आजारी पडल्या?"

त्यांनी वही उघडली. "सात. दोनदोन दिवस धरा एकेकीचे."

मी कागद मागून घेतला आणि हिशेब केला. एकतीस दिवसांत चौदा. एक खाट नंदिनीने घेतली तर अडचण येते ती दोघी एकाच दिवशी आजारी असतील तेव्हाच. उत्तर साडेसात टक्क्यांच्या आसपास निघाले, म्हणजे महिन्यातून सुमारे दोन दिवस. मी तो कागद यमुताईंपुढे सरकवला. त्यांनी तो वाचला नाही.

"तुम्ही लिहून देणार का मला, की ही खोली मी भरली म्हणून?"

"देते."

मी तेही लिहून दिले. एका प्रमाणपत्रासाठी दुसऱ्या कागदावर नियमभंगाची जबाबदारी घेतली, आणि दोन्ही कागद स्वतंत्रपणे खरे होते.

नंदिनीला वर्गातून बोलावून घेतले. तिच्याजवळ पाठीवरची बॅग होती, तीत वह्या आणि रिकामा डबा. कपडे नव्हते. यमुताईंनी तिचे नाव नोंदवहीत घातले, खाट क्रमांक दोन, वेळ ५:४०. त्यांनी ते पूर्ण लिहून पेन खाली ठेवेपर्यंत मी थांबले. मग तिथेच, औषधांच्या कपाटावर कागद टेकवून, 'होय' भोवती गोल केला आणि सही केली. नमुन्यात 'केव्हापासून' असा रकाना नव्हता. असता तर मी काय लिहिले असते, हे मी स्वतःला विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. उपकरणाने जो आकडा दाखवायला हवा तो आधी ठरवायचा आणि मग वस्तू त्याप्रमाणे सरकवायची, याला आमच्या विषयात एक नाव आहे. असे करणाऱ्या विद्यार्थ्याला मी शून्य गुण देते.

सिंधूताई कागद घेऊन गेल्या. बँक दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडणार होती. सकाळीच हप्ता सुटला तर शुल्क वेळेत जमा होणार होते.

नंदिनीने घरी फोन लावला. "आई, आज येत नाही. होस्टेल भेटलं... हो, खरंच. मॅडमनं देलं... नाही वं, कपडे बाबाजवळ पाठव उद्याच्या गाडीनं." फोन ठेवून तिने खोलीभर पाहिले. दुसऱ्या खाटेवर घडी घातलेली पांढरी चादर होती आणि उशाला उलटीसाठी ठेवलेले एक तसराळे.

"मॅडम," ती म्हणाली, "कोणी आजारी पडलं तर मी कुठे जाऊ?"

"बहुतेक दिवस एक खाट पुरते."

"बहुतेक म्हणजे किती?"

मी तिला आकडा सांगितला. ती मापनाची विद्यार्थिनी असल्याने त्यातली चूकही सांगणे भाग होते. हा हिशेब प्रत्येकीचा आजार स्वतंत्र धरून केला आहे. ताप एकीचा दुसरीला लागतो, म्हणून खरा आकडा याहून मोठा असणार. किती मोठा, ते मला सांगता येणार नाही.

तिने मान हलवली. मग ती खाटेच्या कडेवर बसली. पाठीवरची बॅग मात्र तिने काढली नाही.